राबणाऱ्या अंगाला किती लागतं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी उभं आयुष्य तालमीत घालवलं. त्यामुळे विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. अंगमेहनत करणाऱ्या धडधाकट माणसाला दिवसाला ऊर्जा किती लागते, आणि ती काढायची कशी, याबद्दल मी आज बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, यात काय बोलायचं? मोबाइलमध्ये वय, वजन, उंची टाकली की आकडा समोर. तो आकडा येतो कुठून, त्यात कुणाकुणाची शरीरं मिसळलेली असतात आणि तो आपल्याला कितपत लागू पडतो, एवढंच मला उलगडून दाखवायचं आहे.

सातारा जिल्ह्यात हा विषय बोलायला एक खास कारणही आहे. भुकेच्या आकड्यावरून देशात जो सर्वांत गाजलेला वाद झाला, त्याचे दोन्ही पक्ष इथलेच. वि. म. दांडेकर साताऱ्याचे, पांडुरंग वासुदेव सुखात्मे बुध गावचे. एक अर्थशास्त्रज्ञ, दुसरे संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे मी येणारच आहे, पण आधी थोडं शरीराकडे पाहू.

शरीर अन्न जाळतं आणि त्याची उष्णता मोजता येते, हे लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात दाखवलं. गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि किती बर्फ वितळला ते मोजलं. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेत मिडलटाउनला अ‍ॅटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल एवढी उष्णतामापक खोली बांधली. माणूस तिच्यात दिवसेंदिवस राहायचा, खायचा, झोपायचा, एका जागी बसवलेली सायकलही चालवायचा. आत गेलेलं अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ फार थोड्या फरकाने बसला. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ नऊ, हे बिस्किटाच्या पुड्यावरचे आकडे अ‍ॅटवॉटर यांच्याच कामातून आलेले आहेत. बोलताना आपण सगळेच किलोकॅलरीला कॅलरी म्हणतो. मीही म्हणणार आहे, जाणकारांनी चालवून घ्यावं.

आता एक माणूस घेऊ. वय ३५, वजन ६० किलो, उंची १६५ सेंटिमीटर. सकाळी उपाशीपोटी, जागा पण निवांत पडून असताना त्याचं शरीर जो खर्च करतं त्याला मूलभूत चयापचय म्हणतात. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचा हा चोवीस तासांचा खर्च, काही न करता होणारा. १९१९ च्या हॅरिस आणि बेनेडिक्ट यांच्या सूत्राने तो साधारण १४८० कॅलरी येतो. १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने १४६१. हे सूत्र सोपं आहे : वजनाला दहाने गुणा, उंचीला सव्वासहाने गुणून त्यात मिळवा, वयाची पाचपट वजा करा, पुरुष असेल तर पाच मिळवा, बाई असेल तर १६१ वजा करा. तिसरं, १९८५ च्या जागतिक अहवालात आलेलं शोफिल्ड यांचं सूत्र. त्याने हाच माणूस १५७५ वर जातो.

एकाच माणसाला शंभराहून जास्त कॅलरींचा फरक का पडावा? कारण सूत्रामागे माणसं असतात. हॅरिस-बेनेडिक्टमागे अमेरिकेत मोजलेले १३६ पुरुष आणि १०३ स्त्रिया आहेत. शोफिल्डमागे सात हजारांहून जास्त माणसं आहेत, पण त्यांतले जवळपास निम्मे इटालियन आणि त्यांत सैनिक, पोलीस, खाणकामगार अशा दणकट लोकांचा भरणा. उष्ण प्रदेशातल्या लोकांना ते सूत्र लावलं की उत्तर फुगतं, हे नंतर ध्यानात आलं. म्हणून आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यात सुमारे पाच टक्के कपात करून आपलं सूत्र काढलं. ते लावलं की आपला माणूस १४८७ वर येतो. उरलेल्या व्याख्यानात मी हाच आकडा धरणार आहे.

सूत्रांना आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे वजन कशाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हाडापेराने सडपातळ दिसणाऱ्या आपल्या लोकांत चरबीचा वाटा जास्त असतो, हे डॉ. याज्ञिक यांनी जगाला पटवून दिलं, तेही स्वतःलाच पुरावा करून. ऊर्जेच्या हिशेबात याचा अर्थ काय? ६५ किलोची दोन माणसं घ्या, एकाच्या अंगात ९ टक्के चरबी, दुसऱ्याच्या २१. चरबी सोडून उरणारं वजन एकाचं ५९ किलो, दुसऱ्याचं ५१. चरबीविरहित वजनावरून खर्च काढणारं सूत्र लावलं की काहीही न करता दोघांत रोजचा १७० कॅलरींच्या आसपास फरक पडतो. तालमीतल्या पोराला वजन-उंचीचं सूत्र कमी दाखवतं, खुर्चीतल्या माणसाला जास्त दाखवतं. म्हणून पैलवानाचा हिशेब करताना चरबी किती हे विचारल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही.

इथपर्यंतचा भाग मात्र सोपा आहे. खरी ओढाताण पुढे सुरू होते. निवांत पडलेल्या माणसाचा खर्च काढून झाल्यावर त्याला एका गुणकाने गुणायचं असतं. बैठं काम असेल तर १.४, मध्यम असेल तर १.८, जड असेल तर २.३. आपल्या परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात हेच गुणक आहेत. ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी २११०, मध्यमासाठी २७१०, जड कामासाठी ३४७० कॅलरी. ५५ किलोच्या स्त्रीला १६६०, २१३० आणि २७२०. चयापचयाची सूत्रं आपसात भांडली तरी शे-दीडशेवर. गुणकाच्या एका पायरीने पुरुषाच्या बाबतीत सहाशे-साडेसातशेची उडी पडते. आणि हा गुणक बहुतेक लोक अंदाजपंचे निवडतात. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास जिममध्ये जाणारा गृहस्थ स्वतःला बिनदिक्कत 'जड' गटात बसवतो.

गुणक नीट काढायचा तर दिवसाचे चोवीस तास कागदावर मांडायचे आणि प्रत्येक कामाला चयापचयाची पट लावायची. आपला ६० किलोचा माणूस ऊसतोड कामगार आहे असं समजू. झोप सात तास, तिला एक पट. सकाळचं आवरणं, खाणंपिणं तीन तास, दीड पट. फडापर्यंत जाणं-येणं दोन तास, अडीच पट. तोडणी सहा तास, तिला पाच पट धरू. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायला दोन तास, तिथे सहा पट. उरलेले चार तास कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीत, दीड पट. बेरीज भागिले चोवीस केलं की गुणक येतो २.६९, आणि दिवसाचा खर्च जवळजवळ ४००० कॅलरी.

आता फडात जाऊन घड्याळ लावून बसा. सहा तासांच्या तोडणीत कोयता सलग चालत नाही. वाढं छाटायचं, पाला बाजूला सारायचा, बंध वळायचा, पाठ सरळ करायची, पाणी प्यायचं, मुकादमाशी बोलायचं. समजा सहापैकी चारच तास कोयता चालला आणि दोन तासांना पावणेदोनच्या आसपास पट लावली, तर गुणक २.४२ वर येतो आणि खर्च ३६०० वर. माणूस तोच, फड तोच, दिवस तोच, आणि फरक ४०० कॅलरींचा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३३५ कॅलरी असतात, म्हणजे हा फरक एका जाड भाकरीहून मोठा आहे. यात सूत्राचा काही दोष नाही, सगळा फरक घड्याळाचा. तालमीतही तेच. पोरगं सांगतं, सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास मेहनत. त्यात आखाडा खणणं धरलं आहे, अंगाला तेल लावणं धरलं आहे, दुसऱ्यांच्या कुस्त्या बघत उभं राहणंही धरलं आहे. मेहनत खोटी नाही, पण कागदावर चार तास लिहिले तर खुराकाचा हिशेब फुगणारच. मग बदाम, तूप, थंडाई यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. आखाडा सुटल्यावरही तोच खुराक चालू राहिला की काय होतं हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? पहिल्या रांगेत दोन-तीन मंडळी हसताहेत.

धावणाऱ्यांसाठी सोपा आडाखा आहे : किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी. ६५ किलोचा माणूस दहा किलोमीटर धावला की ६५० कॅलरी. वेग वाढवला तरी एका किलोमीटरचा खर्च फारसा बदलत नाही. सपाटीवर चालण्याचा, विश्रांतीचा खर्च वजा जाता, याच्या निम्मा धरावा. ६० किलोचा वारकरी दिवसाला १८ किलोमीटर चालला तर वरचा खर्च साडेपाचशेच्या आसपास, डोक्यावरचं गाठोडं वेगळं. मनगटावरच्या घड्याळांचं म्हणाल तर, स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासात सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्राची चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३. शिवाय घड्याळाने दाखवलेल्या आकड्यात त्या तासाचा पडून राहण्याचा खर्चही असू शकतो. तो आधीच मूलभूत चयापचयात मोजलेला असतो. दोन्ही मिळवले की तोच खर्च दोनदा लागतो.

मग माणूस प्रत्यक्षात किती खर्च करतो हे कळायचं कसं? यासाठी एक देखणी रीत आहे. मिनेसोटाच्या नेथन लिफ्सन यांनी १९४९ पासून तिची पायाभरणी केली, उंदरांवर ती वापरली, आणि माणसांवर ती १९८२ मध्ये आली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोघांचेही जड प्रकार असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि एक-दोन आठवडे लघवी तपासायची. हायड्रोजन शरीराबाहेर फक्त पाण्यावाटे जातो. ऑक्सिजन पाण्यावाटे जातो आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोघांच्या कमी होण्याच्या वेगातला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून जळण किती झालं ते कळतं. माणूस या काळात त्याला हवं ते करतो, खोलीत कोंडावं लागत नाही. महाग आहे, पण खरं सांगते.

या रीतीने काही अडचणीत टाकणारी उत्तरं दिली. हर्मन पॉन्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हादझा लोकांचा खर्च मोजला. शिकार करणारे, कंदमुळं खणणारे, दिवसभर पायी फिरणारे हे लोक. २०१२ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार, शरीराचं आकारमान जमेस धरलं की त्यांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिकेतल्या-युरोपातल्या बैठ्या लोकांहून फारसा वेगळा नव्हता. हालचाल वाढली की शरीर दुसरीकडे कुठेतरी हात आखडतं, असं पॉन्झर मांडतात. सगळ्यांना हे मान्य नाही, आणि मलाही ते ऊसतोडीसारख्या कामाला जसंच्या तसं लावायची घाई नाही. पण तासांची बेरीज करून काढलेला आकडा जास्त कष्टांच्या टोकाला फुगू शकतो, एवढं त्यातून घ्यावंच लागतं. जागतिक संघटनांचा २००१ च्या बैठकीचा अहवालही सांगतो की २.४ च्या वरचा गुणक दीर्घकाळ टिकवणं अवघड असतं.

आता आपल्या जिल्ह्यातल्या वादाकडे येऊ. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी ज्या खर्चात मिळतात ती त्यांनी गरिबीची रेषा धरली. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या. सुखात्म्यांनी आक्षेप घेतला. ते बरीच वर्षं रोममध्ये अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आकड्यांशी त्यांचं घरचं नातं. ते म्हणाले, २२५० ही सरासरी आहे. निरोगी, पुरेसं खाणाऱ्या माणसांतही निम्मी माणसं सरासरीच्या खालीच असणार. त्या सगळ्यांना उपाशी कसं म्हणता? शिवाय एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते, शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेतं. स्वच्छ पाणी आणि आतड्याचे आजार यांकडे बघा, असंही ते सांगत राहिले, आणि त्या बाबतीत काळाने त्यांनाच कौल दिला असं माझं मत आहे.

या वादात मी कुठे उभा आहे ते सांगतो. एका माणसाच्या ताटावर सरासरी लादू नका, हे सुखात्म्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या मोबाइलमधला आकडा हीच तर ती सरासरी. पण 'शरीर सावरून घेतं' या वाक्याशी मी अडखळतो. सावरून घेतं म्हणजे काय करतं? १९४४-४५ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. वजन चौथ्या हिश्शाने उतरलं, मूलभूत खर्च जवळपास चाळीस टक्क्यांनी घटला. शेवटी शेवटी आवक आणि खर्च यांचा मेळ बसत आला होता. पण ती पोरं हसणं विसरली, थंडीने कुडकुडायची, उगाच जिना चढायची नाहीत. हिशेब जुळला तो जगणं कमी करून.

हे कुठे दुष्काळातच घडतं असं नाही. आपल्या आसपासच्या घाटांत सराव करणाऱ्या एखाद्या मुलीचा हिशेब बघा. वजन ५० किलो, चरबी २० टक्के, म्हणजे चरबीविरहित वजन ४० किलो. खाते १७००, धावण्यात जातात ५००. बाकी सगळ्या शरीराला उरल्या १२००, म्हणजे चरबीविरहित दर किलोमागे ३०. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत याच पातळीच्या खाली स्त्रियांच्या पाळीशी निगडित संप्रेरकांची लय बिघडताना दिसली आहे. हाडं ठिसूळ होऊ लागतात. आणि वजनकाटा? तो महिनोन् महिने हलणार नाही, कारण शरीराने पाळी, हाडं, ऊब यांच्या खात्यांतून काटछाट केलेली असते. प्रशिक्षक म्हणतो, वजन बरोबर आहे, वेळही सुधारतेय. पाळी थांबली तर 'सराव चांगला चाललाय' असं म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. मुलींच्या पालकांनी हे नीट ऐकावं.

एवढं सांगितल्यावर, रोजच्या व्यवहारात काय करायचं हे न सांगता उतरलो तर तुम्ही मला सोडणार नाही. सूत्राने काढलेला आकडा ही फक्त सुरुवात. चार आठवडे रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा, एका दिवसाच्या वजनाला काडीची किंमत देऊ नका. खाल्लेलं सगळं तोलून लिहा. लिहिताना आपण सगळेच हात आखडता घेतो. पहिला आठवडा सोडून द्या, कारण स्नायूंतल्या साठ्याबरोबर पाणीही वर-खाली होतं आणि काटा फसवतो. उरलेल्या दिवसांत वजन किती ढळलं ते पाहा. अंगावरच्या किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. समजा तुम्ही रोज २६०० खाता आणि २१ दिवसांत ६०० ग्रॅम उतरलात, तर रोजची तूट २२० ची. तुमची गरज २८०० च्या थोडी वर. कुठल्याही घड्याळापेक्षा हा आकडा तुमचा स्वतःचा आहे. मात्र त्याच्या जोडीला झोप, सरावातली ताकद, सर्दी-खोकल्याची वारंवारता आणि बायकांच्या बाबतीत पाळी, यांचीही वही ठेवा. मी म्हणेन, ती वही काट्याइतकीच महत्त्वाची.

शेवटचा हिशेब त्याच फडातला, पण कोयता एकट्याचा नसतो, जोडीचा असतो. मघाशी नवऱ्याचा दिवस मांडला, आता तिचा मांडू. वजन ४५ किलो, वय ३२, निवांत असतानाचा खर्च ११६१. झोप सहाच तास. पहाटे चूल, पाणी, पोरांचं आवरणं अडीच तास, सव्वादोन-अडीच पट. जाणं-येणं दोन तास. फडातले आठ तास नवऱ्याइतकेच : तो तोडतो, ती गोळा करून मोळी बांधते आणि डोक्यावर वाहून नेते. संध्याकाळी परत चूल, अडीच तास. निवांत म्हणावेत असे तीन तास. बेरीज केली की तिचा गुणक २.६१ येतो, नवऱ्याच्या २.४२ पेक्षा जास्त, आणि खर्च ३००० च्या वर. पॉन्झर यांचं ऐकून यातले दोन-तीनशे कमी करा, तरी वजनाच्या मानाने ती नवऱ्याच्या मागे नाही. १९८५ च्या जागतिक अहवालाने ऊर्जेची गरज ठरवताना पोटापाण्याच्या कामाबरोबर समाजात माणूस म्हणून वावरायला लागणारी हालचालही धरावी असं म्हटलं होतं. ती धरायची तर तिच्या चोवीस तासांत जागाच शिल्लक नाही. आपल्या कोष्टकात स्त्रियांसाठी सर्वांत वरची ओळ २.३ ची आहे. त्या ओळीच्या वर काय लिहायचं हे ठरवायला कुणीतरी या हंगामात जड पाण्याच्या बाटल्या घेऊन कोप्यांवर जायला हवं, आणि मोजणी कोयता हातात घेतल्यापासून नव्हे, चूल पेटल्यापासून सुरू करायला हवी.